आज कोण आलं नाही

आई, माझी नोकरी गेली आणि दुसरी मिळालीही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पहिले शेवट सांग वं, मंग रड." म्हणून शेवट आधीच सांगून टाकला. आता निवांत ऐक.

दसऱ्याला ज्या साहेबाला सोनं देऊन मी नमस्कार केला, त्यानंच दुसऱ्या दिवशी सांगितलं, की कापड तपासायचा विभाग बंद. एकोणीस वर्षं मी बुटीबोरीच्या त्या कारखान्यात कापड उजेडावर ओढून त्यातले दोष शोधत होते. तुझ्या जावयाचं बेसाच्या चौकातलं झेरॉक्सचं दुकान चालतं तसं, पण घर उभं आहे ते माझ्या पगारावर. पोरगी सहावीत, माझं वय पंचेचाळीस. या वयात नवी नोकरी कोण देतो? तरी फाईल काखोटीला मारली आणि बुटीबोरीत एकेका गेटवर जायला लागले. जिथं जावं तिथं एकच उत्तर, "मॅडम, दिवाळीनंतर या." एका ठिकाणी चौकीदारानं डब्यातली सोनपापडी हातावर ठेवली, "घ्या ताई, तोंड गोड करा. काम दिवाळीनंतर." आई, दिवाळीनंतर नावाचं गाव असतं ना, तर मी तिथंच खोली करून राहिले असते.

धनतेरसच्या सकाळी मी चकल्या पाडत होते. तुझा जावई म्हणाला, "राहू दे न आता चार दिवस. दिवाळीत कोन मानूस ठेवते?" माझा हात सोऱ्यावर थांबला. दिवाळीतच ठेवतात की! मी पाहिलं आहे.

आठव, मी दहा वर्षांची आहे. खाप्याला बाबांचा हातमाग बंद पडला म्हणून आपण नागपुरात येऊन दोन महिने झालेत. ऐन दिवाळीत तू माझा हात धरून एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या दाराशी उभी राहतेस. तिथं पेशंटची खानावळ आहे. ठेकेदार कावलेला. तू त्याला काम आहे का म्हणून विचारतच नाहीस. विचारतेस, "आज कोन नाई आलं जी?" तो कपाळाला हात लावतो, "पोळ्या लाटनाऱ्या दोघी गावाले गेल्या न बाई, अन् दीडशे पेशंट जेवाचे आहेत!" तू पदर खोचतेस आणि पोळपाट ओढतेस. घरी येताना मला सांगतेस, "काम आहे का इचारलं, का मानूस नाई म्हनते. कोन नाई आलं इचारलं, का त्याले आपलं दुखनं आठोते."

त्या खानावळीत तू अठरा वर्षं टिकलीस. पण म्हणूनच दर दिवाळीला बाकीच्या सुटीवर आणि तू कामावर. माझ्या मैत्रिणींना नरकचौदसला त्यांच्या आया उटणं लावायच्या, मला बाबा लावायचे, तेही डोळ्यात घालून. एका वर्षी त्या सकाळी तुझी चप्पलच सापडेना. तू खाट उचललीस, ओटा झाडलास, शेजारच्या काकूंच्या दारातही पाहून आलीस. मी म्हणाले, "तांबड्या कुत्र्यानं नेली असंल." तू माझ्याकडे पाहिलंस, "असंल बाप्पा," म्हणालीस आणि थंडीत अनवाणीच निघालीस. संध्याकाळी परत आलीस तर चप्पल ओट्यावर! "आनून ठेवली पाह्य, शहानं आहे बिचारं," असं म्हणून तू त्या कुत्र्याला अर्धी करंजी घातलीस.

तर सोऱ्या मी जावयाच्या हातात दिला (त्याच्या चकल्यांबद्दल काही विचारू नकोस) आणि पुन्हा बुटीबोरी गाठलं. कापडाच्याच दुसऱ्या एका कारखान्याच्या गेटवर विचारलं, "आज कोण नाही आलं दादा?" चौकीदार हसायलाच लागला. "कोन आलं ते इचारा न ताई! दिवाळी न छठसाठी अर्धी पाळी गावाले गेली." आणि त्यानं मला सरळ आत पाठवलं.

आतला साहेब कोवळा, नवाकोरा कुर्ता घातलेला, दोन्ही कानांना फोन. परदेशी जाणारा माल अडकला होता आणि तपासायला माणूस नव्हतं. मी अनुभव सांगत होते, आणि आई, माझ्या हाताला कसली अवदसा आठवली कोण जाणे! मी त्याची बाही धरली आणि खिडकीकडे ओढली. "साहेब, इथं ताण्याचा उभा धागा तुटला आहे. दुकानदारानं फसवलं तुम्हाला." बोलून गेले आणि जीभ चावली. झालं, हीपण गेली! त्यानं बाही डोळ्यांजवळ नेली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "बाप्पा! आईनं दिला हो हा, तिले सांगू नका." आणि खो खो हसला. "उद्या सकाळी सहाची गाडी बेसाच्या चौकातून निघते. पंधरा दिवस पाहतो, मग कायमचं ठरवू. पण उद्याच हवं. उद्या नाही आलात तर मला दुसरं कोणी पाहावं लागेल."

उद्या म्हणजे नरकचौदस. पहाटे उठून पोरीला उटणं लावलं, न्हाऊ घातलं. ती परत पांघरुणात शिरली. पावणेसहाला दारात आले, तर माझी चप्पल नाही. तुझा जावई मोबाईलचा उजेड पाडून जिन्यात शोधतो आहे, माझा जीव टांगणीला, आणि पांघरुणातून आवाज आला, "कुत्र्यानं नेली असंल."

आई, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि सिलिंडरच्या मागं पाहिलं. तिथंच होती. हात घातला होता, पण मागं घेतला. नवऱ्याची चप्पल पायात सरकवली, पांघरुणावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो वं, त्यानंच नेली. संध्याकाळी येते, मग दोघी मिळून पकडू त्याले." पांघरूण खुदकन हसलं. मग मी त्या भल्यामोठ्या चपला फटाक फटाक वाजवत धावले आणि सुटलेली गाडी हात दाखवून थांबवली. पंधरा दिवस काल भरले. कायमची ऑर्डर कपाटात तुझ्या लुगड्याच्या घडीत ठेवली आहे, हे पत्रही तिथंच ठेवीन. तुला पाठवायला पत्ता कुठं आहे?

एवढंच कबूल करायचं राहिलं. त्या तांबड्या कुत्र्यानं काही नेलं नव्हतं. चप्पल मी लपवली होती, रॉकेलच्या डब्यामागं. तू अनवाणी गेलीस तेव्हा दाराआड रडत उभी होते, तरी काढून दिली नाही. तू सगळं घर शोधलंस, त्या कोपऱ्यात तेवढं पाहिलं नाहीस. काहून, ते मला या दिवाळीत कळलं.