तुमच्या मळ्यातला चहा

साहेब, हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. इतकी वर्षं तुम्ही इंग्रजीत सांगायचात आणि मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचे. त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा माझा नसायचा. आज माझी पाळी. पुढच्या महिन्यात माझा व्हिसा संपतोय आणि मी कायमची वसईला निघालेय. बहारीनमधल्या उम्म अल हस्समच्या या दोन खोल्यांतलं कपाट रिकामं करताना तुमचा चमचा सापडला, तो चांदीचा, खोलगट, चहा चाखायचा. भाचीची मुलगी मदतीला आली होती. "व्हॉट्स धिस, आंटी?" तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या साहेबांचा, त्यांनी मला दिला होता. "नाइस," म्हणाली आणि तो इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवून फोन बघत बसली. तिला मराठी सगळं कळतं, पण पुढे काही विचारावंसं वाटत नाही. मग ती गेल्यावर मी हा कागद घेतला.

तुमच्याकडे आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मनामाच्या बाजारामागे तुमचं ऑफिस, खाली चहा आणि वेलचीचं गोदाम, वर दोन खोल्या. पहिल्या दिवशी मी केसांत सोनचाफा माळून आले. आमच्या दारातला, आईने ओल्या रुमालात बांधून दिलेला, विमानातून जिवापाड सांभाळून आणलेला. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या नाक वर केलंत आणि म्हणालात, "मिस, या खोलीत एक तर ते फूल राहील, नाहीतर माझा चहा." मी फूल काढून पर्समध्ये टाकलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या दिवसापासून पावडर बंद, खोबरेल बंद, नाश्त्याला कांदा बंद. माझा साहेब विक्षिप्त आहे, हे मी आईला पहिल्याच पत्रात कळवून टाकलं.

सकाळचे दहा वाजलेत. टेबलावर बिनकानाचे पांढरे कप ओळीने मांडलेत, प्रत्येकात तोलून टाकलेली पत्ती, वर उकळतं पाणी, शेजारी सहा मिनिटांचं वाळूचं घड्याळ. एक ओळ गोड्या पाण्याची, ते आपण टँकरवाल्याकडून कॅन भरून घेतो. दुसरी ओळ नळाच्या मचूळ पाण्याची, कारण गरिबाच्या घरी चहा त्याच पाण्याचा होणार आणि तिथेही तो चांगलाच लागला पाहिजे, असं तुमचं म्हणणं. वाळू संपली की तुम्ही चमचा तोंडाला लावता आणि फुर्रर्र करून असा घोट ओढता की घरी मी तसा आवाज केला असता तर आईने पाठीत धपाटा घातला असता. मग पितळेच्या उंच पिकदाणीत थुंकता, ती पायाने माझ्याकडे सरकवता आणि एक शब्द सांगता. कडक. धुरकट. पोकळ. तीन वर्षांनी तुम्ही मलाही चाखायला बसवलंत आणि एकच नियम सांगितलात, "गिळायचं नाही, मिस. गिळलं की माणूस चाखत नाही, पितो." तो नियम मी कधी मोडला नाही. कधी नाही म्हणजे, एकदा सोडून, पण ते शेवटी सांगते.

दुपारी तुमच्या आयुष्याचं पुस्तक. निलगिरीतला तुमचा मळा, वडिलांनी जंगल तोडून लावलेला. लाल कौलांचा बंगला, घोडा, ख्रिसमसला येणारे शेजारचे मळेवाले. तुमच्या मिसेस इंग्लंडला गेल्या त्या परत आल्या नाहीत, मग देश स्वतंत्र झाला, मग मळा विकून तुम्ही व्यापारी होऊन इकडे आलात. मळ्याच्या प्रत्येक उताराचं नाव तुम्हाला पाठ होतं. एकदा मी न राहवून विचारलं, "साहेब, पानं खुडणाऱ्या एखाद्या बाईचं नाव सांगा ना, पुस्तकात बरं दिसेल." तुम्ही खरंच आठवून पाहिलंत. "त्यांना नंबर असायचे, मिस," म्हणालात. मी तसंच लिहून घेतलं. माझी आई दुसऱ्याच्या वाडीत रोजावर पानवेलीची पानं खुडायची, तिच्या अंगठ्याचं नख कायम काळं असायचं, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशी तुमचा राग आला होता, तो अजून थोडा आहे.

पण राग धरून तरी किती धरणार? चर्चच्या पिकनिकला आम्ही झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो होतो तेव्हा तुमची गाडी दिसली. समुद्राकडे तोंड करून उभी, काचा बंद, आत तुम्ही टाय लावून बसलेले. आम्ही जेवलो, गाणी झाली, मुलं पाण्यात खेळून दमली, तरी तुम्ही तिथेच. मी ताटात डुकराच्या मटणाचं सोरपोतेल घेऊन निघाले होते, अर्ध्या वाटेतून परत फिरले. मला लाज वाटली; माझी नाही, तुम्हाला वाटेल म्हणून. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, सुट्टी कशी गेली, आणि मी म्हटलं, घरीच होते. जुफैरच्या तुमच्या त्या घरात ख्रिसमसला सुद्धा कोणी यायचं नाही, हे मला माहीत होतं.

मग ती चूक झाली. कॅन रिकामा होता, नोकर सुट्टीवर, आणि मी घाईत दोन्ही ओळींत नळाचंच पाणी ओतलं. कळलं तेव्हा तुम्ही पहिल्या कपापाशी पोचला होतात. आता बोलणी बसणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. तुम्ही घोट ओढलात, थुंकलात, म्हणालात, "स्वच्छ. गोड्या पाण्याने पान कसं उघडतं बघा." मी चाखलं. जिभेवर नुसता खार. तुम्ही पुढच्या कपाकडे वळलात आणि मी वहीत लिहिलं, स्वच्छ. त्या वर्षी रजेवरून येताना मी मुद्दाम सोनचाफा आणला आणि केसांत माळून तुमच्या अगदी शेजारी उभी राहिले. तुम्ही नाक वर केलं नाहीत. पहिल्या दिवशी रडले नव्हते इतकी त्या दिवशी रडले.

त्यानंतर आपल्यात न बोलता एक पद्धत पडली. आधी शब्द तुमचा असायचा आणि मी लिहायचे, आता तुम्ही घोट थुंकून, पिकदाणी माझ्याकडे सरकवून विचारायचात, "तुमचं काय म्हणणं, मिस?" मी सांगायचे, तुम्ही मान डोलवायचात. तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, बाजारातले दुकानदार हाजी, यायचे, तुमचं फुर्रर्र ऐकून खूश व्हायचे. "साहब की जबान, खलास! ऐसा दूसरा नहीं," म्हणायचे, आणि मी खाली मान घालून टाइप करायचे. लोकांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, किती दयाळू मुलगी. दया होतीच, पण माझा व्हिसा तुमच्या नावावर होता. तुमची जीभ गेली हे बाजारात कळलं असतं तर ऑफिसला कुलूप लागलं असतं आणि मी वसईला. दोन्ही कारणं खरी होती.

आणि मग ते नमुन्याच्या चहाचं पाकीट आलं. तुमच्या मळ्यातून. नवीन मालकांना बहारीनला माल पाठवायचा होता आणि तुमचा मळ्याशी काय संबंध हे त्यांना ठाऊकही नव्हतं. तुम्ही नवा शर्ट घातलात. हाजींना बोलवू नका म्हणालात, आज आपण दोघंच. गोडं पाणी कॅनमधलंच आहे ना, हे तीनदा विचारलंत. वाळू पडत होती तेव्हा तुम्ही घड्याळावरून नजर हलवली नाहीत. मला कळत होतं तुम्ही कशाची वाट बघताय. बाकी सगळं गेलं तरी हा एक चहा जिभेला लागेल, अशी तुमची आशा होती. तुम्ही घोट ओढलात, डोळे मिटलेत, खूप वेळ तोंडात धरलात. डोळे उघडलेत तेव्हा त्यांत काही नव्हतं. थुंकलात. पिकदाणी सरकवलीत. "तुमचं काय म्हणणं, मिस?"

मी चाखलं. साहेब, तुम्ही पुस्तकात या चहाबद्दल सांगितलं होतंत त्यातलं काहीच खोटं नव्हतं. उत्तम म्हटलं असतं तर आपली जीभ कायमची गेली, हे तुम्हाला कळून चुकलं असतं. मी म्हटलं, "काही नाही, साहेब. बेचव आहे. गोणपाटाचा वास येतो."

तुम्ही खुर्चीत मागे टेकलात. "तरीच," म्हणालात. "आम्ही गेलो आणि त्यांनी मळ्याची माती केली." दुपारी तुम्ही पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सांगितलंत, मळा आमच्याबरोबर संपला, आता तिथे कोणाला पान कळत नाही. आणि मी, पान खुडणाऱ्या बाईची मुलगी, ते शब्द एकही चूक न करता टाइप केले. वर्षभरात तुम्ही गेलात. चमचा त्याआधीच माझ्या हातात ठेवला होतात. टाइप केलेलं पुस्तक मी तुमच्या पुतणीला इंग्लंडला पाठवलं. पोचल्याचं तिचं कार्ड आलं, वाचल्याचं नाही. त्या डोंगरावरच्या बायकांवर मी घेतलेला आळ अजून तिकडे कुठल्यातरी माळ्यावर पडून असेल.

दफनभूमीत शुक्रवारी तुमचा निरोप घेऊन येईन. तिथे हे मोठ्याने वाचणार नाही आणि कागद ठेवणारही नाही, बॅगेत घालून घरी नेईन. एवढंच कबूल करायचं राहिलंय. उरलेलं पाकीट मी घरी नेलं आणि महिनाभर एकटीने प्यायले. आणि त्या दिवशी घोट तोंडात होता तेव्हा मला तुमची दया आली नव्हती. दया नंतर आली. तेव्हा मला फक्त अजून एक घोट हवा होता. पिकदाणी माझ्या पायाशी तशीच राहिली, मी थुंकलेच नाही. मी गिळला तो, साहेब. तुम्ही समोरच बसला होतात, माझ्या तोंडाकडे बघत. तुम्ही पाहिलंत, बेचव चहा कोणी गिळत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि मग "तरीच" म्हणालात.