आईकडची चाल

नाना, तुमच्यावर थोडी चिडूनच लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, धुळ्याचं घर विकलं, आई जळगावला माझ्याकडे असते, आणि तुम्ही पाव हिस्सा शिकवलेलं गाणं मागच्या महिन्यात माझ्या अंगाशी आलं.

आपल्या लुथरन चर्चमधलं तेच गाणं. तीनशे वर्षांपूर्वी कुणा जर्मन माणसानं चार आवाजांत बांधलेलं, मिशनवाल्यांनी मराठी शब्द घालून धुळ्यापर्यंत आणलेलं. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही ते आमच्याकडून घोटून घ्यायचा. आई भाकरी थापता थापता चाल म्हणतेय, भाऊ तिसऱ्या आवाजात, तुम्ही सगळ्यांत खालच्या, आणि माझ्या वाट्याला दुसरा. तो एकटा म्हटला तर गाणं कुठलं तेही कुणाला कळू नये! मला चाल हवी होती. हळूच आईच्या सुरात शिरले की तुम्ही ताटावर चमचा आपटायचा. "बठ्ठा जण चालच धरतीन, ते बाकीनं कोन धरी?" रविवारी तुम्ही पायपेटीवर. तिचा भाता गळका, म्हणून प्रत्येक ओळ संपली की हवा भरेपर्यंत सगळी मंडळी निमूट थांबायची.

आईला आता फारसं आठवत नाही. भावाचा फोन आला तरी "कोन शे?" म्हणून विचारते. मागच्या महिन्यात एका दुपारी मात्र एकदम म्हणाली, "तुना नानानं गानं म्हन." मी तोंड उघडलं आणि दुसराच आवाज बाहेर आला. दोनदा चाल पकडायला गेले, दोनदा गळा खाली घसरला. भावाला फोन लावला, तर त्याच्याकडे फक्त तिसरा. चर्चमध्ये हल्ली की-बोर्डवर नवी गाणी चालतात. म्हणजे चाल उरली ती एकट्या आईकडे, आणि आईकडे काय उरलंय तेच आम्हाला कळत नाही. तुमचा असा राग आला म्हणून सांगू.

"हाई ती चाल नई शे," आई म्हणाली. माझं तोंडच उतरलं. मग तिनं डोळे मिटले. "पन मना कानजोडे हाईच ऱ्हाये. म्हन." तिच्या कानाशी कायम माझाच आवाज असायचा ना! मी तो धरला, आणि वरून तिनं चाल उचलली. अख्खं कडवं म्हटलं तिनं, नाना. ओळ संपली की थांबायची, तुमच्या पेटीत हवा भरेपर्यंत. मीही थांबायचे.

तेव्हापासून जेवणं झाली की आम्ही रोज म्हणतो. हे पत्र घडी घालून गीतपुस्तकात ठेवणार, दुसरीकडे कुठं टाकू? माझी मुलगी मागे लागलीय, आजी आहे तोवर तू चाल शिकून घे म्हणून. तिचं बरोबर आहे. रोज ऐकून चाल मला जवळजवळ आलीच आहे. पण मी शिकत नाही. मला आली, तर आई म्हणायची थांबेल.