अण्णांचा मंगळ आणि नवी विंडोज

अण्णा, तुमच्या कंप्यूटरवर नवी विंडोज टाकायची की नाही, यावरून आठवडाभर डोकं पिकलं होतं. कंप्यूटरवाले म्हणाले, "दीदी, पुरानी का अपडेट बंद हो गया, अब नेट पे मत चलाओ. पर ये कुंडली वाला प्रोग्राम नई पे नहीं चलेगा, सोच लो." दादा पुण्याहून फोनवर ओरडतो, अण्णांची आठवण आहे, हात लावू नकोस. त्याचं काय जातं बोलायला. तुमच्यामागे राजेंद्र नगरच्या या खोलीत बसून पत्रिका मी करते, तो नाही.

तुम्ही ऑफिसातून यायचे, पाय धुवायचे आणि दोन बोटांनी त्या प्रोग्राममध्ये आपली वाक्यं भरत बसायचे. मुलीला मंगळ असेल तर आपोआप छापून यायचं, "विवाहास विघ्न, सासरी कलह." मुलाला तोच मंगळ असेल तर, "मंगळ सौम्य, चिंता नसावी." माझी पत्रिका त्यातूनच निघाली. स्नेहलतागंजहून मला बघायला आलेल्या लोकांना मी पसंत होते, मुलगाही मला आवडला होता. तुम्ही स्वतःहून कागद त्यांच्या हातात दिला आणि वर म्हणालात, "आम्ही लपवणाऱ्यातले नाही." ते पुन्हा आले नाहीत. तेव्हा एका संध्याकाळी मी विचारते, "अण्णा, दादालाही हाच मंगळ आहे ना?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुला काय कळतं त्यातलं? कप उचल." मी कप उचलते. दादाचं लग्न त्याच वर्षी झालं, थाटात. माझं राहिलं ते राहिलंच.

आता सगळं कळतं मला त्यातलं. पंचांग घेऊन हातानंही गणित करते, तुमच्याइतकंच चोख. आणि ऐका, तुम्ही गेल्यापासून ते वाक्य मी एकाही मुलीला दिलेलं नाही. छापायच्या आधी खोडते. गणित तुमचं तसंच ठेवलं, भीती तेवढी काढून टाकली. लोक म्हणतात, अण्णांची पत्रिका म्हणजे पत्थर की लकीर. म्हणोत बापडे.

काल तुकोगंजहून एक आजी आल्या, नात बारा दिवसांची. नाव, वेळ घातली आणि तुमचं वाक्य पुन्हा पडद्यावर हजर. बारा दिवसांच्या पोरीला सासरी कलह. माझं टाळकंच सरकलं. आजींना म्हटलं, पत्रिका उद्या मिळेल, आणि कंप्यूटरवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, जुनं मशीन बाजूला ठेवून द्या, प्रोग्राम राहील. म्हटलं, नको, राहायलाच नको. तुम्हाला राग येणार. येऊ दे. मलाही आला होता, तेव्हा कोणी विचारलं नाही.

आज दुपारी झालं सगळं, नवी विंडोज आणि तिच्यावर चालणारा कुंडलीचा नवा प्रोग्राम. तो उघडल्याबरोबर विचारतो, पत्रिकेखाली कोणाचं नाव छापायचं? आजवर तुमचंच छापलं जायचं. लोक तुमच्या नावावर यायचे आणि मी त्याच्या आडोशाला सुखात होते. आता काही चुकलं तर शिव्या मला, आणि अण्णांची पत्रिका नाही म्हणून गिऱ्हाईक परत गेलं तर तेही माझ्या दारातून. जाऊ दे. नातीची पत्रिका मी माझ्या नावाने छापली.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. बोटांनी आधी तुमचंच नाव टाइप केलं होतं. तुमचं ते वाक्य इतकी वर्षं एका झटक्यात उडवत आले, पण नाव खोडायला मला पुष्कळ वेळ लागला, अण्णा.