तीनशे पासष्ट पदार्थ आणि तुझी भज्जी

प्रिय आई,

काल माझा तीनशे पासष्टावा पदार्थ ब्लॉगवर गेला. रोज एक! मधे चौदा दिवस खाडा पडला, पण यंदा धोंड्याचा महिना आला, वर्ष तेरा महिन्यांचं झालं, म्हणून या येळवस अमावास्येच्या आत बसलं. आज गावाहून दादाचा फोन आला. "येळवसला रानात जेवण ठेवायचं का न्हाई? आईसारखी समद्या भाज्यांची भज्जी तुला जमंल का?" कळवते म्हणाले अन् तुलाच लिहायला बसले.

मागच्या येळवसला रानात मी पहिला व्हिडिओ काढला, तेव्हा तू विचारलंस, "रोज रांधायचं अन् फोटू काढायचे, काय भेटनार हाय गं तुला?" मी चिडले होते. आता सांगते.

बरंच भेटलं. भाकरी फुगायला लागली. पहिल्या महिन्यातल्या भाकरीवरच्या कमेंट वाचल्या असत्यास तर पोट धरून हसली असतीस! देगलूरच्या एका बाईंनी माझी अंबाडीची भाजी सुधारली. कंधारच्या एका गुरुजींनी आमटीत घालायचं येसर किती भाजायचं ते फोनवर शिकवलं. ओळख ना पाळख!

आणि तू गेल्यावर पंधराव्या दिवशी, काहीच नको वाटत असताना, आजचा पदार्थ राहिला म्हणून उठले. नुसतं पिठलं केलं. रडत रडत केलं, पण केलं.

आज काय करायचं, हा प्रश्न मला वर्षभर रोज पडला. तुला तर जन्मभर पडला असेल ना? आम्ही फक्त विचारायचो, "झालं का?"

दादाचा फोन ठेवला अन् तो पहिला व्हिडिओ उघडला. पातेल्यात भज्जी रटरटतेय, पण तू कुठंच नाहीस. माझाच आवाज आहे, "आई, हात काढ गं, मधी येऊन राहिला!" अन् तू निमूट सरकलीस. एरवी मिठावरून भांडायचीस, तेव्हाच का गं ऐकलंस माझं? चिंच किती, पीठ किती, काही दिसत नाही. तुझी मूठ केवढी भरायची, ते आता कुणाला विचारू?

दादाला आत्ताच कळवलं, येळवस होणार. भज्जी मीच करणार. चव चुकली तर चुकली. वहिनीला शेजारी बसवीन आणि पीठ घालायच्या आधी दर वेळी मूठ उघडून तिला दाखवीन.

तुझीच,
मीना