विषाणू एकटाच पुरेसा आहे

३ मार्च
बायको आज माहेरी गेली. निघताना कुठे काय ठेवलंय, काय कसं चालवायचं ते सांगत होती. मी म्हणालो, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? तिने बॅग उचलली.
संकल्प: ती येईपर्यंत संशोधनाचा पेपर पूर्ण. लेखक एकच, मी. सगळे म्हणतात, आमच्या प्रयोगशाळेतला विषाणू बॅक्टेरियात शिरला की आपल्या आरएनएच्या नकला काढायला स्वतःचं एकच प्रोटीन आणतो, बाकीची तीन बॅक्टेरियाची वापरतो. मला हे कधीच पटलं नाही. ज्याच्यात दम आहे तो दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघेल? विभागप्रमुख मॅडमनी बजावलंय, या महिन्यात काही दाखवलं नाही तर नोकरीला मुदतवाढ नाही. काही काय, सगळंच दाखवतो!

५ मार्च
बॅक्टेरियाच्या रसातून विषाणूचं प्रोटीन वेगळं करायला घेतलं. ते कॉलममध्ये, म्हणजे गाळणीच्या उभ्या नळकांड्यात, चिकटून राहतं. मग रात्रभर खारं पाणी सोडून बाकीची प्रोटीनं धुऊन काढायची. मी सकाळी सुरू केलं, दुपारीच थांबवलं. डबा नव्हता, भूक लागली. फार धुतल्याने वस्तू झिजतात.

६ मार्च, संध्याकाळ
जमलं! गेलवर, म्हणजे तपासणीच्या जेलीच्या वडीवर, नकलांची पट्टी उमटली. ठसठशीत. एकट्या प्रोटीनने करून दाखवलं!
शेजारच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, नळीत ते एकटंच आहे याची खात्री केलीत का? म्हणालो, मीच काढलंय, मला माहीत नसणार? जळतात लोक.
मोजे सापडत नाहीत. मोज्यांशिवाय पायांना हवा मिळते.

९ मार्च
मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक भारावल्या. शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलायचंय.
बायकोचा फोन. घर चकाचक आहे, असं सांगितलं. (कप संपलेत. चहा पातेल्यातूनच पितो. गरम राहतो.) ती म्हणाली, मग अजून महिनाभर राहू का, आईला बरं नाही. म्हणालो, खुशाल राहा.

१२ मार्च
मॅडमनी प्रयोग बाईंना परत करायला लावला. बाईंनी कॉलम रात्रभर धुतला. गेल कोरा. मग बॅक्टेरियाची तीन प्रोटीनं घातली, लगेच पट्टी. माझी नळीही तपासली. तिघंही आत निवांत बसलेली, पहिल्या दिवसापासून.
म्हणालो, गेल खराब असेल. बाईंनी समजुतीने मान डोलावली. ते जास्त लागलं.

१३ मार्च
बाई बोलल्या. छान बोलल्या. माझं नाव शेवटी आभारात, 'नीट न धुतलेल्या नमुन्यासाठी'. लोक हसले. मीही हसलो.
मुदतवाढ मिळेल, पण बाईंच्या हाताखाली. मॅडमना म्हणालो, विचार करून सांगतो. दारापर्यंत पोचायच्या आत हो म्हणून आलो.

१३ मार्च, घरी
दमलोय. घालायला एकही शर्ट नाही. बायकोला फोन केला. म्हणालो, तू अगदी निवांत राहा, माझं काही अडत नाही. तिने विचारलं, मग फोन कशाला? म्हणालो, सहज. मग विचारलं, कपड्यांचं मशीन सुरू कसं करतात?
ती म्हणाली, निघताना तेच सांगत होते. मग म्हणाली, आईला आता बरंय, उद्या येते.
या वेळी मी खुशाल राहा म्हणालो नाही.