नेवेनाची संमती

१४ सप्टेंबर, सकाळी ७.१०
नवी वही. रोज एक तास कायदेवाचन, दर गुरुवारी लेख, आणि राकिया दारूचा एकच पेला, तोही लेख पूर्ण झाल्यावर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला शिस्त शिकवावी लागत नाही.
या आठवड्याचा लेख कुकीवर. प्रत्येक वेबसाइट 'संमती द्या' म्हणून छातीवर बसते आणि लोक न वाचता बटण दाबतात. खरमरीत लिहिलाय. गावच्या बातम्यांच्या साइटचा संपादक स्वेतलोझार म्हणाला, इंजिनिअरसाहेब, लोकांना मिरच्यांचा भाव हवाय, तुमची कुकी कोण खाणार? गेल्या लेखाला एकेचाळीस वाचक मिळाले. त्यातले दहा-बारा मीच असेन, मुद्रितशोधनासाठी. उरलेले एकोणतीस दर्जेदार.
सगळ्या गल्लीत मिरच्या भाजल्याचा वास. आमची भट्टी कपाटावर आहे. यंदा काढायची नाही, विजेचा अपव्यय.
नेवेना जाऊन चार महिने पाच दिवस. नोंदीसाठी.

१७ सप्टेंबर
दांका येऊन गेली. माझी मेहुणी. मिरचीच्या चटणीच्या सहा बरण्या आणल्या आणि वादही आणला. ९ नोव्हेंबरला सहा महिने होतात दाजी, म्हणाली, गहू उकडायला हवेत, पाव वाटायला हवा, आणि कागद छापायला टाका.
कागद म्हणजे शोकपत्रक. काळी चौकट, फोटो, नाव, वय. आमच्याकडे माणूस गेला की दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर, बेकरीच्या काचेवर लावतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. कुणाला यात वावगं वाटत नाही.
मी तिला शांतपणे समजावलं. हे व्यक्तिगत माहितीचं सार्वजनिक प्रदर्शन आहे. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात नव्व्याण्णव कलमं आहेत आणि मी ती सात वेळा वाचली आहेत. आधी संमती लागते.
दांका म्हणाली, दाजी, ती मेलीय. संमती काय स्वर्गातून मागवू?
मी म्हणालो, नेमका हाच कायदेशीर पेच आहे.
ती म्हणाली, आपले गाब्रोवोचे लोक चिकट म्हणून आधीच देशभर बदनाम. बायकोच्या कागदाची खळ वाचवणारा मात्र तुमच्या रूपाने पहिलाच निघाला.
खळीचा प्रश्नच नाही. मे महिन्यात तिने वीस कागद लावले होते. दफनाहून परत येताना मी वीसही काढले. चाळिसाव्या दिवसाचे दुपारच्या आत काढले. फोटो ओळखपत्रावरचा होता, नेवेनाचा एक डोळा मिटल्यासारखा दिसत होता. तिला तो फोटो मुळीच आवडत नसे. कमीत कमी माहिती उघड करावी, हे कायद्याचं मूलतत्त्व आहे.

२२ सप्टेंबर, रविवार
संशोधन. निष्क्रिय खात्यांबाबत कंपन्यांचं धोरण तपासण्यासाठी दर रविवारी नेवेनाचं खातं तिच्या टॅब्लेटवर उघडतो. आज सूचना होती: प्रिय नेवेना, आमच्या अटी बदलल्या आहेत. अडतीस पानं. सगळी वाचली. ती असती तर न वाचता 'मान्य' दाबून मोकळी झाली असती. यावरून आम्ही अकरा वर्षं भांडलो.
मी 'मान्य' दाबलं. केवळ पुढे काय होतं ते पाहायला.
पुढे चपला आल्या. 'नेवेना, तुला या आवडतील.' लोकरीच्या, घरात घालायच्या, सदतीस नंबर. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला अजून पत्ताच नाही. अल्गोरिदमच्या अपयशावर लेख लिहायला हवा. चपला बराच वेळ पाहिल्या, पुरावा म्हणून.

३ ऑक्टोबर
ऐतिहासिक दिवस! 'खांबावरचा डेटा' हा लेख. संमतीशिवाय शोकपत्रक लावण्यावर सरकारने बंदी घालावी अशी मागणी केली. संध्याकाळपर्यंत दोन हजार तीनशे वाचक. धोरण असंच घडतं, एका टेबलावरून.
कमेंट एकशे बारा. एक जण लिहितो, माझ्या आईचा कागद मी दरवर्षी लावतो, हात लावून दाखव, मग बघतो तुझं कलम. दुसरा विचारतो, या गृहस्थाला घरात कुणी बोलायला नाही का? एकूण चर्चा निकोप.
बेकरीत बाईने मान वर न करता कालचा पाव दिला. लोकप्रियतेची किंमत.

७ ऑक्टोबर, सकाळी ११
सोफियातल्या डेटा संरक्षण आयोगाला रजिस्टर्ड पत्र. अकरा पानं. प्रश्न एकच: नेवेनाची संमती मिळेपर्यंत तिचं नाव आणि फोटो लावण्यास मनाई आहे ना? आयोगाचा शिक्का आला की दांकाचं तोंड बंद.
तिचे हक्क मांडायलाच चार पानं लागली. नेवेना हिला माहिती मिळवण्याचा हक्क आहे. नेवेना हिला चूक दुरुस्त करून मागता येते. नेवेना आक्षेप घेऊ शकते. लिहिताना फार बरं वाटलं. पुष्कळ दिवसांत इतकं सलग लिहिलं नव्हतं. टपालात टाकण्याआधी ती चार पानं परत एकदा उतरवून काढली, संग्रही असावीत म्हणून.

१५ ऑक्टोबर
स्तामेन जिन्यात भेटला. आमच्या इमारतीचा कारभारी, दिवे बदलणं आणि भांडणं सोडवणं त्याच्याकडे. म्हणाला, इंजिनिअरसाहेब, रागावू नका, पण लोक मला विचारतात, नर्सबाई हल्ली दिसत नाहीत, पोरीकडे परदेशी गेल्या का? आम्हाला पोर नाही हेही लोकांना ठाऊक नाही. पस्तीस वर्षं नेवेना मुलांच्या दवाखान्यात होती, अर्ध्या गावाच्या दंडावर तिची सुई टोचलेली आहे. स्तामेन म्हणाला, कागद असता तर लोक आले असते हो. तुमच्यापाशी बसले असते.
पलीकडच्या इमारतीतली म्हातारी तर कालच मला थांबवून म्हणाली, बाईंना माझा नमस्कार सांगा, गुडघ्याचं मलम संपलंय म्हणावं.
मी सांगतो म्हणालो.
आता हेही कायद्याच्या दृष्टीने पाहिलं पाहिजे. म्हातारीच्या माहितीत नेवेना आहे. ती चालते, मलम देते. ती माहिती पुसण्याचा मला काय अधिकार? दुकानातून मलम आणून म्हातारीच्या दाराला अडकवून आलो. चिठ्ठी लिहिली नाही, म्हणजे खोटंही बोललो नाही.
राकिया दोन पेले. लेख नाही.

२७ ऑक्टोबर
दांकाचा फोन. म्हणाली, तुम्ही छापणार नसाल तर मी छापते. मी म्हणालो, मी काढीन. ती म्हणाली, किती वेळा काढाल? मी म्हणालो, जितक्या वेळा लावशील तितक्या.
मग ती ओरडली. तुमची बायको व्हायच्या आधी तेवीस वर्षं ती माझी बहीण होती, म्हणाली. मला रडायला एक खांबसुद्धा ठेवला नाहीत तुम्ही. दर वेळी मी खांबापाशी जाते आणि तिथे नुसत्या खळीचा डाग असतो.
फोन आपटला.
आयोगाचं उत्तर येईपर्यंत वाटाघाटी स्थगित. ती हळवी आहे. या विषयात हळव्या माणसांनी पडू नये.

४ नोव्हेंबर, दुपारी १२.३०
आयोगाचं पत्र आलं. अकरा पानांना अर्धं पान.
'महोदय, सदर कायदा मृत व्यक्तींच्या माहितीला लागू होत नाही. पाहा, प्रस्तावना, मुद्दा २७.'
प्रस्तावना! प्रस्तावना मी कधी वाचलीच नाही. समारंभातल्या पाहुण्यांच्या भाषणासारखी असते असं समजून दर वेळी कलम एकपासून सुरुवात केली. सातही वेळा.
आता वाचली. तसंच लिहिलंय. युरोपातल्या प्रत्येक माणसाला हक्क आहेत. दुकानदाराला आहेत, चोराला आहेत, त्या एकशे बारा कमेंटवाल्यांना आहेत. नेवेनाला नाहीत. एकही नाही.
पत्राखाली कुणा कारकुनाने पेनाने लिहिलंय: 'आपल्या दुःखात सहभागी आहे.' सही वाचता येत नाही. अधिकृत कागदावर असा खाजगी मजकूर लिहिणं गैर आहे. तक्रार करणार होतो. केली नाही.

५ नोव्हेंबर
अपील करणार. लक्झेंबर्गच्या कोर्टापर्यंत जाणार. मसुदा सुरू केला.
'नेवेना हिला'
पुढे काय लिहावं ते कळेना. होता? होते? तासभर बसलो. चहा गार झाला.
माझ्याच वहीत खोटं कशाला लिहू. मला कायदा नकोय. मला ती हवी आहे. कुठल्याही कलमाखाली चालेल.

६ नोव्हेंबर
छापखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने तयार मजकुरांची फाइल पुढे केली, यातला कुठला? 'अश्रू सुकत नाहीत' जास्त खपतो म्हणाली. मी म्हणालो, फक्त नाव, वय आणि 'नर्स' लिही. फोटो विचारला. ओळखपत्रावरचा दिला. एक डोळा मिटल्यासारखा. दुसऱ्या सगळ्या फोटोंत ती हसते आहे आणि ते मला लोकांना द्यायचे नाहीत.
मुलगी फोटोकडे बघून म्हणाली, अय्या, या तर आमच्या सुईवाल्या बाई. कधी गेल्या?
मी तारीख सांगितली. मोठ्याने सांगण्याची ही पहिलीच वेळ.

७ नोव्हेंबर
दांकाला फोन केला. उचलला नाही. परत केला. उचलला. मी म्हणालो, कागद आलेत. ती म्हणाली, खळ पातळ करू नका, पाऊस आहे.
स्वेतलोझारने लेख मागितला, 'खांबावरचा डेटा, भाग दोन'. त्याला कळवलं की लेखकाचा अभ्यास कमी पडला.

९ नोव्हेंबर
सकाळी दांका बादली आणि दोन ब्रश घेऊन आली. डोळे सुजलेले होते. वीस कागद. खांब, बसथांबा, दवाखान्याचं फाटक. प्रत्येक ठिकाणी ती हाताने कागदाच्या कडा दाबायची आणि मग जरा वेळ तशीच उभी राहायची. मी बादली धरून थांबायचो. घाई केली नाही. बेकरीच्या बाईने काच स्वतः पुसून दिली आणि ताजा पाव दिला.
कबरीवर गहू ठेवले, वाइन ओतली. परत आलो तोवर लोक जिन्यात. दुपारपासून संध्याकाळपर्यंत येतच होते. कधी गेल्या? कशाने? झोपेत का? आम्हाला कळवलं नाहीत. स्तामेन खुर्च्या आणत होता. पहिल्या दोघा-तिघांना नुसती तारीख सांगितली. नंतर नंतर न अडखळता सांगू लागलो, नेवेना गेली, मे महिन्यात, हृदयाने. इतकं सहज यायला लागलं याचीच भीती वाटली.
सगळे गेल्यावर एक कागद उरला होता. आमच्या दाराचा. दांका म्हणाली, दाजी, मी लावू? मी म्हणालो, नको, मी लावतो. लावला. मागे सरून पाहिलं तर डावीकडे कललेला. दांका कपबशा विसळायला आत गेली होती. मी तिथेच उभा राहिलो. चाळीस वर्षं घरात मी खिळा ठोको की फळी लावो, आतून नेवेनाचा आवाज यायचा, वाकडं झालंय, परत लाव.
खळ वाळली. कागद तसाच आहे.