झाकणावरच्या खाचा

तुमचा मुलगा दारुडा म्हणून गेला. उभ्या आयुष्यात थेंब शिवला नव्हता, हे तुम्हाला माहीत आणि मला माहीत, आणि तुम्ही त्याच्या आधीच जाऊन बसलात. म्हणजे उरले मी एकटी. तेराव्याला कोपरीतली चार माणसं जेवता जेवता म्हणाली, हात सोन्यासारखा होता बिचाऱ्याचा, पण बाटलीने खाल्लं. मी त्यांच्याच पानांवर वरण वाढत होते. डाव डोक्यात घालावासा वाटला, पण वाढत राहिले, कारण तोंड उघडायचं नाही असा तुमचा हुकूम. मामंजी, हे आधी सांगून मोकळी झाले. आता नमस्कार करते.

पत्र लिहायला बसले म्हणून हसू नका. माझी शाळा तिसरीपर्यंत, ती पण बाळकुमची, आणि बापाची होडी लागली की मी वर्गातून उठून मासळी निवडायला. बाकीची अक्षरं तुम्ही शिकवलीत, तीही आतून बाहेर. कड तुम्ही काढायची, पोटात रंग मी भरायचा. 'सलून' म्हणजे काय ते कळायच्या आधी मी दोन सलूनचे बोर्ड भरले होते. सुनेच्या हातात ब्रश दिला म्हणून आळीत तुमचं कौतुक झालं, सुधारलेला म्हातारा म्हणून. खरं कारण मिरच्यांचं होतं, ते आळीला कुठे माहीत.

लग्नाचं पहिलं वर्ष. स्वयंपाकघरात सुपात मिरच्या पडल्या आहेत, अर्ध्या पिकलेल्या, अर्ध्या कच्च्या, आणि हे रिकामे बसलेत म्हणून मी म्हणते, लाल तेवढ्या वेगळ्या काढा, वाळत घालायच्या आहेत. बघते तर दोन सारखे ढीग, दोन्हीत सगळी सरमिसळ. मी हसले. म्हटलं, डोळे आहेत की शर्टाची बटणं? तेही हसले, त्यांना वाटलं मी कामचुकार म्हणते आहे. तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही हसला नाहीत. हाताने खूण करून मला दुकानात नेलंत, आणि इतक्या हळू बोललात की मला ओरडण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

"त्याच्या डोळ्यांवर पुन्हा हसायचं नाही. लाल आणि हिरवा त्याला एकच दिसतो, चिखलासारखा. दहा वर्षांचा होता तेव्हा मला कळलं. त्याला अजून माहीत नाही, आणि कळू द्यायचं नाही. पेंटरला कळलं की आपल्याला रंग दिसत नाही, तर त्याचा हात थरथरतो. मग सरळ रेघसुद्धा येत नाही."

मग डबे दाखवलेत. मोठ्या डब्यातला रंग पातळ करून आपण दुधाच्या पावडरीच्या जुन्या डब्यांत ओतायचो, त्यांवर नाव कसलं असणार. तुम्ही झाकणांच्या कडेला खाचा मारून ठेवलेल्या. लालला एक, हिरव्याला दोन. मुलाला सांगितलेलं, ही आपल्या घराची पद्धत आहे, माझ्या बापापासूनची. तो बिचारा अंगठा फिरवून खाच बघायचा आणि मग ब्रश बुडवायचा, देवाला हात लावल्यासारखा. झाड हिरवं, वीट लाल, हे त्याला पाठ होतं, पाढ्यासारखं. त्या दिवशी तुम्ही मला एक तिकोनी कानस दिलीत आणि माझा हात लाल डब्यावर ठेवून शपथ घातलीत. नव्या सुनेला सासरे साडी देतात. मला कानस मिळाली.

तुम्ही होता तोवर चाललं. गिऱ्हाइकाशी रंगाचं बोलणं तुमचं, खाचा माझ्या, अक्षर त्यांचं. खाडीवरच्या होड्यांची नावं त्यांनी लिहावीत, कोपरीपासून बाळकुमपर्यंत लोक ओळखायचे. तुम्ही गेलात आणि दोन वर्षांनी डोंबिवलीच्या एका कारखान्याचं काम आलं. धोका असेल तिथे लाल पट्टी, बाहेर पडायच्या वाटेवर हिरवे बाण. मी बरोबर जाणार होते, पण लेकीला ताप होता. दुपारी हे जेवायला बसले, तेवढ्यात झाडणाऱ्या माणसाने उघडे डबे बघून झाकणं लावून टाकली. चांगल्या मनाने लावली. याचं त्याला, त्याचं याला. खाच डब्याच्या कडेला मारली असती तर हे झालं नसतं, पण कडेला खाच पडली की झाकण घट्ट बसत नाही आणि रंगावर साय धरते, हे तुमचंच शहाणपण. संध्याकाळपर्यंत बाहेर जायच्या वाटेवर ओळीने लाल बाण. साहेबाने पन्नास माणसांसमोर यांचं तोंड हुंगलं. टर्पेंटाइनचा वास, दुसरं काय येणार. पण साहेब म्हणाला, दुपारीच लावून आलाय.

घरी आले ते चपला न काढता स्वयंपाकघरात. बाहीवर रंगाचा डाग होता, रुपयाएवढा. हात माझ्यापुढे धरला.

"खरं सांग. हा डाग कोणता आहे?"

कुंकवासारखा लाल होता. मी म्हटलं, "हिरवा. साहेबाचं डोकं फिरलंय."

बरं वाटलं त्यांना. जेवले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शब्दावर विसंबून पुन्हा डोंबिवलीला गेले भांडायला, मी हिरवाच मारलाय म्हणून, त्या लाल बाणांसमोर उभं राहून. मग काय, ज्यांचा आदल्या दिवशी विश्वास बसला नव्हता त्यांचाही बसला. सकाळी सकाळीसुद्धा पितो म्हणाले. तिकडून कल्याणपर्यंत गेलं ते. कामं तुटली. त्यांचा हात तुम्ही सांगितलात तसा थरथरला, मामंजी, काही न कळताच थरथरला. आणि थरथरता हात बघून लोकांची उरलीसुरली शंका फिटली.

आता मुद्द्याचं. दुकान लेकीचा मुलगा चालवतो. कल्याणला वाढला, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. आता ब्रश कोणी मागत नाही. रंगीत चिकट कागद येतो, व्हिनाइल म्हणतात, कोणी रेडियम म्हणतात, त्याची अक्षरं कापून चिकटवायची. पोरगा ब्लेडने कापतो, हात तुमच्यावर गेलाय. पण हाताने किती कापणार, म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. दोन प्रकारची मशिनं. एक नुसतं कापणारं. दुसरं त्या कागदावर छापणारं, फोटो, फुलं, पुढाऱ्यांची तोंडं, पाहिजे ते. डोंबिवलीला एक विकणारा दाखवतो म्हणाला, मीही गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गावात उतरले.

त्याने छापून दाखवलं, केळीच्या पानावर जास्वंदीचं फूल. मशीन कुठेतरी तुंबलं होतं, राणी रंग भसाभसा सुटला आणि पान निघालं वाळक्या तंबाखूसारखं. विकणारा ओशाळला. आमचा पोरगा कागद उजेडात धरून म्हणतो, "हिरवा काय खुललाय, आजी, बघ ना." विकणाऱ्याला वाटलं टोमणा मारला, तो हसला. मी हसले नाही. मला सुपातल्या मिरच्या दिसल्या. व्हिनाइलच्या गुंडाळ्यांवर आतून रंगाचा नंबर असतो, त्यामुळे दोन वर्षं काही कळलंच नाही. लेकीच्या पोटातून ते डोळे परत आले, आणि दुकानात येऊन बसले.

येताना मी कापणाऱ्या मशीनची बाजू घेतली. छापलेलं उन्हात उडतं म्हटलं, माजिवड्याच्या नाक्यावर एक उन्हाळा टिकणार नाही. तो म्हणाला वर पातळ थर चढवतात. मशीन तुंबतं म्हटलं. तो म्हणाला धुवायला शिकवतात. कटर म्हणजे पुन्हा अक्षरंच, आजी, लोकांना आता चेहरे पाहिजेत. त्याचं चूक नव्हतं, माझंही चूक नव्हतं, फक्त जे बोलायचं ते सोडून मी सगळं बोलत होते. शेवटी तो थांबला. मायेनेच विचारलं पोराने.

"आजी, तुला काय भीती आहे? मी आजोबांसारखा पिऊन काम घालवीन, अशी?"

मामंजी, तिथे सांगायचं होतं. आजोबा प्यायचे नाहीत रे, त्यांना दिसायचं नाही, आणि तुलाही दिसत नाही. एवढंच. मी म्हटलं, "नाही रे. घे तुला हवं ते."

घेतलं त्याने. छापणारंच. सोमवारी येतंय. शाईच्या बाटल्या आधी आल्या, चार. काळी, पिवळी, आकाशी आणि राणी. लाल नाही, हिरवा नाही. दोन्ही मशीनच्या पोटात आपले आपण तयार होतात म्हणे. मग मी खाच कशाला मारू? एखाद्याच्या आईच्या फोटोला शेवाळी तोंड निघेल आणि हा म्हणेल, झकास आलंय. मी बघून सांगेन म्हटलं असतं, पण माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि उजव्याला पिवळं आणि पांढरं एक दिसायला लागलंय. म्हणजे तुमच्या दुकानात आता धड डोळा एकही नाही. काही होणार नाही यातून, मला दिसतंय, तेवढं मात्र स्पष्ट दिसतंय.

एक कबूल करते, पुन्हा विचारू नका. शपथ तुमची होती, पण मी गप्प बसले ती शपथेमुळे नाही. डोळ्यांचं सांगायला गेले तर डागाचंही सांगावं लागेल. हिरवा कोण म्हणालं, तेही.

आज दुपारी तो आईकडे गेला आणि मी तुमची कानस काढली. राणीच्या झाकणाला एक खाच मारली, पिवळ्याच्या झाकणाला दोन, आकाशीला तीन. उपयोग शून्य, बाटल्यांवर नावं आहेत आणि रंग आत मिसळतात. तरी मारल्या. हात आपोआप चालला. हे पत्र कानशीच्या फडक्यात गुंडाळून ठेवते, तिथे तो हात घालत नाही. सोमवारी झाकण फिरवताना त्याच्या अंगठ्याला खाच लागेल आणि तो विचारेल, आजी, ह्या खाचा कसल्या? मी चहा टाकायला आत निघून जाईन. उत्तर तुम्ही द्यायचं. पद्धत तुमच्या घराची आहे, माझ्या नाही.